कानातलं बटण: मार्गारेट श्टाइफ आणि टेडी बेअरची गोष्ट

लाबुबूचा बॉक्स हातात आला की लोक आधी काय करतात? बाहुली नंतर बघतात. आधी बॉक्सवरचा स्टिकर नखाने खरवडतात, क्यूआर कोड स्कॅन करतात आणि माल ओरिजिनल आहे ना ते तपासतात. माझ्या मामेबहिणीने गेल्या वर्षी ऑनलाइन एक मागवला. कोड काही केल्या चालेना. दात मोजले, पायाचा तळवा पाहिला, शेवटी कळलं की माल डुप्लिकेट. ती दोन दिवस घुश्श्यात होती. तिची सहा वर्षांची मुलगी मात्र त्याच बाहुलीला एका पायाने धरून घरभर फिरवत होती. तिच्या दृष्टीने बाहुलीला कान होते, हसरं तोंड होतं आणि ती रात्री उशाशी मावत होती. झालं की!

एकच खेळणं, पण दोघींना त्यातून वेगवेगळं काहीतरी हवं होतं. पात्रांची खेळणी बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची हीच डोकेदुखी आहे: वस्तू लहान मुलासाठी बनवायची की जपून ठेवणाऱ्या मोठ्या माणसासाठी? आपल्याला वाटतं हा प्रकार इन्स्टाग्रामच्या जमान्यातला आहे. पण या सगळ्याची सुरुवात जिथे झाली, तिथे जायचं तर जर्मनीतल्या एका लहानशा गावात, साधारण पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं. आणि तिथे आपल्याला भेटते चाकाच्या खुर्चीत बसलेली एक शिवणकाम करणारी बाई.

उलटं फिरवलेलं मशीन

मार्गारेट श्टाइफचा जन्म २४ जुलै १८४७ चा, गाव गींगेन. दक्षिण जर्मनीत ब्रेन्त्स नावाच्या नदीकाठी हे गाव आहे. वडील बांधकाम करणारे मिस्त्री. दीड वर्षाची असताना तिला ताप आला आणि तो उतरला तेव्हा दोन्ही पाय लुळे पडले होते, उजव्या हातातही ताकद उरली नव्हती. पोलिओ. आपल्या पिढीने पल्स पोलिओचे बूथ पाहिलेत, करंगळीच्या नखाला शाई लावून घेतली आहे, त्यामुळे या आजाराची दहशत काय होती ते आपल्याला नीट कळतच नाही. पोलिओची लस आली १९५५ मध्ये. मार्गारेटच्या लहानपणी तर या आजाराचं कारण काय हेही कुणाला माहीत नव्हतं.

आईवडिलांनी डॉक्टर केले, नऊ वर्षांची असताना तिला लुडविग्सबर्गला उपचारासाठी ठेवलं, नंतर गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावीही पाठवलं. फरक पडला नाही. शाळा मात्र चुकली नाही. भावंडं आणि शेजारची पोरं तिला हातगाडीत बसवून ओढत न्यायची. गल्लीत खेळ चालू असला की ती गाडीत बसून सगळ्यांना नवे नवे खेळ सुचवायची. पळता येत नसलेली ही मुलगी गल्लीतल्या पोरांची म्होरकी होती. मूल कशात रमतं आणि कशाला दोन मिनिटांत कंटाळतं हे तिने त्या गाडीतूनच बघून घेतलं असणार, असं मला वाटतं. पुढच्या आयुष्यात हेच तिचं भांडवल ठरलं.

शिवणकाम शिकायचा हट्ट तिने धरला तेव्हा घरच्यांना ते जमेल असं वाटलं नव्हतं. उजवा हात धड हलत नाही, सुई धरणार कशी? पण ती शिकली, आणि चांगली शिकली. फावल्या वेळात झिथर नावाचं तारवाद्य शिकली, मग ते इतरांना शिकवून पैसे साठवले आणि त्या पैशांतून शिलाई मशीन घेतलं. गींगेनमधलं ते पहिलं मशीन होतं असं सांगतात.

आता इथे एक तांत्रिक अडचण आली. मशीनचं हातचाक उजव्या बाजूला असतं. तिचा उजवा हात ते फिरवू शकत नव्हता. मग तिने मशीनच उलटं करून ठेवलं, म्हणजे चाक डावीकडे आलं, आणि डाव्या हाताने फिरवत उलट्या बाजूने शिवायला सुरुवात केली. आज फोनच्या सेटिंगमध्ये आपण ॲक्सेसिबिलिटी उघडून बटणांची जागा बदलतो. तिने तेच केलं, फक्त सेटिंग बदलायला कुठलाही मेनू नव्हता.

टाचण्यांसाठी हत्ती

मार्गारेट आणि तिच्या बहिणी गावातल्या बायकांचे कपडे शिवायच्या. वडिलांनी घरातच शिवणाची एक खोली करून दिली. १८७७ मध्ये, तिशीत, मार्गारेट यांनी स्वतःचं दुकान काढलं: फेल्टचे तयार कपडे. (आतापर्यंत ती म्हणत होतो, पण दुकानाच्या मालकीणबाईंना आता त्या म्हणायला हवं.)

फेल्ट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. साधं कापड विणलेलं असतं, उभे-आडवे धागे. फेल्ट विणत नाहीत. लोकरीचे तंतू ओले करून, गरम करून, दाबून दाबून एकमेकांत गुंतवतात आणि त्याची जाड चादर बनते. आपल्याकडे याला नमदा म्हणतात. याचा मोठा फायदा असा की कुठूनही कापा, कडेचे धागे सुटत नाहीत. म्हणजे लहान लहान, वेडेवाकडे आकार कापून शिवायला एकदम सोयीचं. गींगेनमध्ये फेल्टचा कारखाना होता आणि तो त्यांच्या नात्यातल्या लोकांचाच होता. माल स्वस्तात आणि घराजवळ मिळायचा.

८ डिसेंबर १८७९ च्या मोडेनवेल्ट नावाच्या फॅशन मासिकात मार्गारेट यांना छोट्या हत्तीचा एक नमुना दिसला. त्यांनी तसे काही हत्ती शिवले, आत कोकराची लोकर भरली, आणि ओळखीच्या बायकांना टाचण्या टोचून ठेवायची गादी म्हणून भेट दिले. शिवणाऱ्या बाईच्या टेबलावर टाचण्यांची गादी लागतेच.

पण हत्ती टेबलावर राहिनात. घरातली पोरं ते पळवायची. टाचण्या काढून टाकून त्याच्याशी खेळायची. त्या काळी मुलांच्या हातात काय असायचं? लाकडाची, पत्र्याची किंवा चिनी मातीच्या डोक्याची खेळणी: कडक, टोचणारी, फुटणारी. कुशीत घेऊन झोपता येईल असं मऊ जनावर बाजारात जवळपास नव्हतंच.

मार्गारेट यांनी ही गोष्ट हेरली. वस्तू बनवली एका कामासाठी आणि वापरणाऱ्यांनी ती वापरली भलत्याच कामासाठी, तर शहाणा माणूस वापरणाऱ्याचं ऐकतो. भाऊ फ्रिट्झ हत्तींचं गाठोडं घेऊन शेजारच्या हायडेनहाइमच्या बाजारात गेला आणि ते विकून आला. १८८६ पर्यंत हत्तींचा आकडा पाच हजारांवर गेला. मग माकडं, गाढवं, घोडे, उंट, मांजरं, ससे. १८९२ च्या सुमारास सचित्र कॅटलॉग निघाला आणि १८९३ मध्ये फेल्ट खेळण्यांचा कारखाना म्हणून धंद्याची रीतसर नोंदणी झाली. फ्रिट्झने बहिणीसाठी घर बांधलं तेव्हा त्यात खुर्ची वर नेता यावी म्हणून उतरता रस्ता ठेवला. एकोणिसाव्या शतकातला रॅम्प! आपल्याकडे आजही कितीतरी नव्या इमारतींत तो विसरतात.

नवा नमुना तयार झाला की मार्गारेट तो स्वतः तपासायच्या. मुलांना जे द्यायचं ते सगळ्यात चांगलंच असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता आणि पुढे तोच कंपनीचा मंत्र झाला. शिवण उसवता कामा नये, टोचता कामा नये, आतलं भरण स्वच्छ हवं. गिऱ्हाईक मूल आहे, आणि मुलाला तक्रार करता येत नाही.

५५ पीबी: एका मॉडेल नंबरची फोड

फ्रिट्झला सहा मुलगे होते आणि ते एकामागून एक आत्याच्या धंद्यात आले. त्यातला रिचर्ड १८९७ मध्ये आला. तो स्टुटगार्टला कला शिकलेला. तिथल्या प्राणिसंग्रहालयात तासन्‌तास बसून तो अस्वलांची चित्रं काढायचा. मागच्या दोन पायांवर उभं राहिलेलं अस्वल माणसासारखं दिसतं, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं.

१९०२ मध्ये त्याने एक नवं अस्वल तयार केलं. त्याचं नाव बघा: ५५ पीबी. फोनचा मॉडेल नंबर असावा तसं. फोड अशी: ५५ म्हणजे सेंटीमीटरमध्ये उंची, पी म्हणजे प्लश, केसाळ मखमलीसारखं कापड, आणि बी म्हणजे जर्मन भाषेत हलणारं. हात, पाय, डोकं फिरू शकणारं केसाळ अस्वल. प्लश होतं मोहेरचं, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांचं. हातापायांचे सांधे जाड दोऱ्याने ओवून बांधलेले.

मार्गारेट यांना ते फारसं पटलं नाही. मोहेर महाग. अस्वल अवजड. लहान मूल ते उचलणार कसं? पण त्यांनी पुतण्याला अडवलं नाही. पॉल हा दुसरा पुतण्या अमेरिकेत होता, त्याच्याकडून आलेली खबरही बरी नव्हती: तिथल्या लोकांना ते फार मोठं आणि जाडजूड वाटलं. मार्च १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत अस्वल मांडलं. बराच वेळ कुणी ढुंकून पाहिलं नाही. जत्रा संपता संपता न्यूयॉर्कच्या बोर्गफेल्ट कंपनीचा खरेदीदार आला. मऊ, नवं काहीतरी तो शोधत होता. त्याने तीन हजार नगांची ऑर्डर दिली.

अमेरिकेत अस्वलांना अचानक भाव येण्यामागे एक वेगळीच गोष्ट होती. नोव्हेंबर १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते. सोबतच्यांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं, साहेबांनी गोळी घालावी म्हणून. बांधलेल्या जनावराला मारायला रुझवेल्टनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन या व्यंगचित्रकाराने वॉशिंग्टन पोस्टमध्ये त्यावर चित्र काढलं आणि ते गाजलं. ब्रुकलिनमधले दुकानदार मॉरिस मिकटम आणि त्यांची बायको रोझ यांनी कापडाचं अस्वल शिवून दुकानाच्या काचेत ठेवलं. रुझवेल्टना लोक टेडी म्हणायचे, म्हणून टेडीज बेअर. म्हणजे समुद्राच्या दोन बाजूंना, एकमेकांची खबर नसताना, साधारण एकाच वेळी दोन अस्वलं जन्माला आली. पहिलं कुणाचं, यावर आजही वाद घालणारे घालतात. मला स्वतःला त्या वादात रस नाही. गींगेनच्या अस्वलाचं पुढे काय झालं ते जास्त मजेशीर आहे.

सांध्यांची लढाई

दोऱ्याने बांधलेले सांधे सैल पडायचे. मूल अस्वलाला हाताला धरूनच ओढणार, दोरा किती दिवस टिकणार? रिचर्ड सुधारणा करत राहिला. १९०४ मध्ये ३५ पीबी आलं: उंची कमी, वजन कमी, अंग मऊ. मग दुसरा प्रयोग झाला, २८ पीबी. यात शरीरातून आरपार धातूच्या सळया घातल्या आणि हातपाय त्या सळ्यांवर बसवले. नाकाला लाखेचा तुकडा, पत्रावर मोहोर उठवायला वापरतात ती लाख. सांधा एकदम मजबूत झाला. पण ज्याने ते कुशीत घेतलं असेल त्याच्या बरगडीला सळई लागली असणार! अंगात लोखंड असलेलं अस्वल कोण कवटाळणार? वर्षभरात हा प्रकार गुंडाळला.

१९०५ मध्ये उत्तर सापडलं: ३५ पीएबी. मधला ए चकतीच्या सांध्यासाठी. कल्पना अशी: हाताच्या आत पुठ्ठ्याची एक गोल चकती, खांद्याच्या आत दुसरी चकती, दोन्हींच्या मधून एक धातूची पिन आणि तिची टोकं वळवून बसवलेली. चकत्या एकमेकींवर घासत फिरतात, हात जिथे नेऊन सोडाल तिथे थांबतो. ना सैल दोरा, ना टोचणारी सळई. हलकं, स्वस्त, टिकाऊ. इतकं चोख डिझाइन की पारंपरिक टेडी बेअरमध्ये आजही मूळ कल्पना हीच वापरतात. सव्वाशे वर्षं होत आली, अपडेटची गरज पडली नाही.

आता गंमत ऐका. संग्राहकांच्या बाजारात आज सगळ्यात जास्त धडपड कशासाठी होते? मुलांना धड कवटाळता न आलेल्या त्या सळईवाल्या अस्वलासाठी. ते थोडेच बनले, म्हणून दुर्मीळ, म्हणून महाग. विकत घेण्याआधी त्याचा चक्क एक्स-रे काढतात, आत सळया आहेत की नाही ते बघायला. खेळणं म्हणून जे फसलं, तेच संग्रहाची वस्तू म्हणून सोनं झालं.

असाच दुसरा नमुना डोक्यावरच्या शिवणीचा. मोहेरचं कापड महाग, त्यामुळे कापताना चिंधीही वाया जाऊ द्यायची नाही. कापडाच्या एका रुंदीत सहा डोकी पूर्ण बसायची आणि थोडं उरायचं. त्या उरलेल्या दोन तुकड्यांतून सातवं डोकं जोडून शिवायचे, त्यामुळे त्याच्या कपाळापासून नाकापर्यंत मधोमध शिवण यायची. सातातलं एक. मुलाला त्या शिवणीचं काय? काहीच नाही. संग्राहक मात्र मधल्या शिवणीच्या अस्वलाला जास्त पैसे मोजतात. कारखान्यात ज्याने काटकसर म्हणून ते केलं, त्याला हे सांगितलं असतं तर तो हसत सुटला असता.

बटण

धंदा वाढला तशी नक्कल वाढली. १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात श्टाइफची १२ हजार अस्वलं विकली गेली. मग काय, जर्मनीतले इतर कारखाने तशीच अस्वलं बनवायला लागले. फोटोत बघून फरक कळेना. आजच्या भाषेत, फर्स्ट कॉपी.

फ्रान्झ या पुतण्याने उपाय काढला. १ नोव्हेंबर १९०४ पासून प्रत्येक खेळण्याच्या डाव्या कानात धातूचं छोटं बटण ठोकायचं. पुठ्ठ्याचा टॅग फाटतो, चिठ्ठी निघून जाते, शाईचा शिक्का धुतला जातो. बटण कापडातून आरपार जाऊन मागे वळवलेलं, उपटायचं तर कान फाटेल. पहिल्या बटणांवर सोंड उचललेला हत्ती होता, त्या टाचण्यांच्या गादीवाल्या हत्तीची आठवण. नंतर कंपनीचं नाव आलं. १९०५ मध्ये बटण ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं गेलं. नूर्नबर्गच्या बिंग कंपनीने आपल्या अस्वलांच्या कानात धातूचा बाण लावायला सुरुवात केली, तर श्टाइफने हरकत घेतली आणि बिंगला आपली खूण कानातून हलवावी लागली. कान हा भागच जणू श्टाइफच्या मालकीचा झाला.

बटणाखाली कापडी किंवा कागदी पट्टी असायची आणि तिच्यावर नंबर. हा नंबर म्हणजे निव्वळ आकडा नाही, पूर्ण कोड आहे. समजा ५३२८. पहिला ५ म्हणजे सांधे हलणारे. दुसरा ३ म्हणजे मोहेर प्लश. शेवटचे २८ म्हणजे उंची सेंटीमीटरमध्ये. दुकानदाराने पोस्टाने नुसता नंबर कळवला तरी कारखान्याला कळायचं नेमकं काय पाठवायचं. आज ऑनलाइन दुकानं प्रत्येक वस्तूला असाच कोड देतात. बारकोड यायला अजून सत्तर वर्षं होती.

लक्षात घ्या, बटण गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये म्हणून आलं. संग्राहक नावाची जमात तेव्हा नव्हतीच. पण वस्तूला न पुसता येणारी ओळख दिली की संग्राहक आज ना उद्या येतातच. आज जाणकार माणूस नुसतं बटण बघून काळ सांगतो: हत्ती असेल तर अगदी सुरुवातीचं, नावातल्या शेवटच्या अक्षराची शेपटी खाली लांब गेलेली असेल तर त्यानंतरचं. पट्टीचा रंगही बोलतो. आधी पांढरी, १९२६ पासून लाल, १९३४ पासून पिवळी.

आणि इथेच मूल आणि संग्राहक समोरासमोर येतात. कानाला लोंबणारी पट्टी दिसली की मूल काय करतं? ओढतं, चावतं. बऱ्याच आया खेळणं घरी आणल्या आणल्या ती पट्टी कात्रीने कापून टाकतात. बाळाच्या दृष्टीने एकदम बरोबर! पण संग्राहकाच्या दृष्टीने त्या कात्रीबरोबर किमतीचा मोठा भाग गेला.

काचेचा कारखाना

१९०३ मध्ये गींगेनमध्ये एक विचित्र इमारत उभी राहिली. लोखंडी सांगाडा आणि बाहेरच्या भिंती जवळपास संपूर्ण काचेच्या, त्याही दुहेरी. शिवणकामाला उजेड लागतो, आणि विजेचे दिवे तेव्हा आजच्यासारखे नव्हते. रिचर्डचीच कल्पना असल्याचं सांगतात. रस्त्यावरून आत काम करणाऱ्या तरुण मुली दिसायच्या, म्हणून गावकऱ्यांनी तिला कुमारिकांचं मत्स्यालय असं नाव ठेवलं. गावकरी सगळीकडचे सारखेच. काचेचे टॉवर आज बीकेसीपासून हिंजवडीपर्यंत दिसतात, पण असल्या बांधणीच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या इमारतींत ही मोडते, आणि ती अजून उभी आहे.

१९०७ साली या कारखान्याने ९ लाख ७४ हजारांच्या आसपास अस्वलं बनवली, सगळी खेळणी धरून सुमारे १७ लाख. कारखान्यात चारशे माणसं आणि घरी बसून शिवणारे अठराशे. आदल्या वर्षीच कंपनीची मर्यादित कंपनी झाली होती आणि कारभार पुतण्यांच्या हाती जाऊ लागला होता. पण १९०७ च्या शेवटी अमेरिकेत बँका कोसळल्या, ऑर्डरी आटल्या आणि अस्वलांची ती सोन्याची वर्षं थांबली. १९०८ मध्ये बटणाची कल्पना काढणारा फ्रान्झ वारला. ९ मे १९०९ रोजी न्यूमोनियाने मार्गारेट गेल्या. वय ६१. लग्न केलं नाही, मूलबाळ नव्हतं. त्यांनी शिवलेल्या आणि शिवून घेतलेल्या जनावरांशी मात्र तोवर दोन खंडांतली मुलं खेळत होती.

मग संग्राहक आले

त्यांच्या मृत्यूनंतर साधारण सत्तर वर्षांनी कंपनीला जाणवलं की दुकानात येणारं गिऱ्हाईक बदललंय. लहानपणी ज्यांनी अस्वल कुशीत घेतलं ते आता पन्नाशीत होते, हातात पैसा होता आणि त्यांना तेच अस्वल परत हवं होतं. १९८० मध्ये श्टाइफने आपली पहिली मर्यादित आवृत्ती काढली: जुन्या अस्वलाची हुबेहूब प्रतिकृती, फक्त ११ हजार नग, बॉक्स आणि प्रमाणपत्रासकट. हातोहात खपली. पुढे संग्राहकांचा क्लबही निघाला.

तेव्हापासून एकाच छताखाली दोन वेगळे माल तयार होतात. मुलांसाठी पिवळी पट्टी: मऊ, हलकं, बऱ्याचदा मशीनमध्ये धुता येणारं, डोळे उपटून तोंडात जाणार नाहीत असे. संग्राहकांसाठी पांढरी पट्टी: मोहेर, काचेचे डोळे, आत लाकडाच्या बारीक तासलेल्या तारांचं जुन्या पद्धतीचं कडक भरण, आणि नग क्रमांक. या दुसऱ्या प्रकारासोबत एक सूचना असते, ती वाचून मी पहिल्यांदा दचकलोच होतो: हे खेळणं नाही, फक्त प्रौढ संग्राहकांसाठी आहे. टेडी बेअर, पण खेळणं नाही! कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. जुन्या पद्धतीचं अस्वल आजच्या बालसुरक्षेच्या चाचणीत बसायचं नाही. पण मुलांनी हत्ती पळवले म्हणून जो धंदा उभा राहिला, त्याच धंद्याला आपल्या मालावर मुलांनी हात लावू नये असं लिहावं लागलं.

वाटणी केली म्हणून भांडण मिटलं असं मात्र नाही. २००० नंतर कंपनीने मुलांच्या मालाची किंमत खाली आणायला काही उत्पादन चीनला नेलं. दर्जा हवा तसा जमेना, म्हणून २००८ मध्ये ते परत आणायचा निर्णय जाहीर केला. दोन गिऱ्हाइकं वेगळी केली तरी कानातलं बटण एकच होतं. एका बाजूच्या ढिसाळ शिवणीने दुसऱ्या बाजूचं नावही खराब झालं असतं.

आता एक लिलाव. डिसेंबर १९९४, लंडन, क्रिस्टीज. १९०४ च्या सुमाराचं श्टाइफचं दालचिनीच्या रंगाचं एक अस्वल विक्रीला आलं. नाव टेडी गर्ल. कर्नल बॉब हेंडरसन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या घरी ते त्याच्या लहानपणापासून होतं. बॉक्समध्ये जपलेलं, हात न लागलेलं असं काही नाही. पोराने खेळवलेलं, फ्रॉक घातलेलं, आयुष्यभर सोबत राहिलेलं. बोली थांबली १ लाख १० हजार पौंडांवर, आणि तोवर कुठल्याही टेडी बेअरला इतकी किंमत आली नव्हती. एका जपानी संग्राहकाने ते आपल्या संग्रहालयासाठी नेलं. संग्राहकांचा नियम असा की सीलबंद वस्तूला सगळ्यात जास्त भाव. टेडी गर्लने तो साफ मोडला. लोकांनी पैसे मोजले ते एका मुलाने तिच्यावर केलेल्या मायेचे.

राहता राहिलं ते मूळ अस्वल, ५५ पीबी. मार्गारेट यांना न पटलेलं, बोर्गफेल्टच्या माणसाने तीन हजारांनी मागवलेलं. त्यातलं एकही आज कुठल्या संग्रहालयात नाही, कुणा संग्राहकाकडे नाही. कंपनीकडे आहेत ते फक्त जुने फोटो आणि त्यावरून बनवलेल्या प्रतिकृती. जगभरातले लोक माळे, पेट्या, भंगारबाजार धुंडाळतात. कधी कुणाला ते सापडलंच तर कानात बटण शोधत बसू नका. ते अस्वल बटणाच्या आधीचं आहे. उंची मोजा आणि खांदे हलवून बघा, आत दोरा लागतो का ते.